कुलाबा आणि जंजिरा एका शनिवार-रविवारात : भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं?

सह्यवाट
हिवाळ्यात पुण्याहून चौघे निघतोय, त्यात दोघे सत्तरीतले. मुक्काम एकच रात्र. बेत असा आहे: शनिवारी सकाळी निघून खोपोली-पेणमार्गे अलिबाग, जेवून दुपारी तीनच्या सुमारास कुलाबा किल्ला, मुक्कामाला मुरूड. रविवारी सकाळी दहाला राजपुरीहून होडीने जंजिरा आणि ताम्हिणीतून परत.

त्या शनिवारी संकष्टी आहे. कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं एवढं माहीत आहे, पण तीन वाजता जमेल का? जंजिऱ्याला होडीतून उतरणं सत्तरीच्या माणसांना कितपत झेपतं? आणि तिथे तासभरच मिळत असेल तर काय पाहावं, काय सोडावं?

राजपुरीकर
संकष्टीच्या दिवशी दुपारी तीनला कुलाबा म्हणजे ऐन भरती. चालत जाणं विसरा.

तिथीवाली
राजपुरीकर बरोबर सांगतायत. हिशेब देते म्हणजे पुढच्या वेळीही उपयोगी पडेल.

तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. चतुर्थी म्हणजे ४ × ३/४ = ३, म्हणून तीन वाजता भरती. सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेलात की ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेनऊ-नऊ आणि रात्री सव्वानऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून नव्याने मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराला, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. अष्टमीला बरोबर उलट: भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला.

यामागे चंद्राचा दिवस आहे. तो २४ तास ५० मिनिटांचा, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. थोडी तफावत राहते, पण पंधरवड्यात गणित पुन्हा जुळतं.

खारफुटी
मग अष्टमीच धरा ना. दुपारी बाराला ओहोटी, पहाटे उठायची घाई नाही, सगळं आरामात.

तिथीवाली
खारफुटी, तिथेच बहुतेकांची फसगत होते. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वात कमी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सर्वात जास्त. वेळ सोयीची, पण पाणी मागे हटतच नाही.

मुंबई बंदराचे सरासरी आकडे बघा. उधाणाची भरती ४.४२ मीटर, ओहोटी ०.७६. भांगाची भरती ३.३०, ओहोटी १.८६. म्हणजे उधाणाला पाणी ३.६६ मीटर चढतं-उतरतं, भांगाला जेमतेम १.४४. दोन्ही ओहोट्यांची तुलना केली तर भांगाच्या ओहोटीला त्याच वाळूवर १.१० मीटर पाणी जास्त. अलिबाग मुंबईच्या इतकं जवळ आहे की हेच आकडे तिथे धरले तरी चालतात. ज्या वाटेवरून तृतीयेला पाऊल जेमतेम ओलं होतं, तिथे अष्टमीच्या ओहोटीला घोडागाडीची चाकं पाण्यात असतात.

दिवसाउजेडी चालत जायला सर्वात चांगल्या तिथी म्हणजे द्वितीया ते पंचमी (ओहोटी सकाळी साडेसात ते दहा) आणि द्वादशी-त्रयोदशी (ओहोटी दुपारी तीन ते चार). पाणीही पुरेसं हटतं, वेळही माणसांची.

दोन_घटका
तिथीवालीताईंच्या हिशेबात एक बारीक दुरुस्ती. संकष्टी ही चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. त्यामुळे कॅलेंडरवर संकष्टी छापलेली असली तरी सकाळी तृतीयाच चालू असू शकते, चतुर्थी दुपारी किंवा संध्याकाळी लागते. तसं असेल तर भरती तीनला नाही, सव्वादोन-अडीचला. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तरी असाच अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पंचांगात तिथी किती वाजता संपते ते बघा आणि मगच पाऊणपट करा.

आणि हा हिशेब बेत आखण्यापुरता. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ आणि उंची दोन्ही बघायचीच. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी तक्ते काढतो. हैदराबादचं इन्कॉइस हे सागरी माहितीचं सरकारी केंद्र भरतीचे अंदाजही देतं आणि उंच लाटांचे इशारेही. तक्त्यातला आकडा म्हणजे तुमच्या पायाखालच्या पाण्याची खोली नव्हे, तो एका ठरावीक पातळीपासून मोजलेला असतो. म्हणून त्याचा उपयोग तुलनेसाठी: आकडा जितका लहान, तितकी वाट मोकळी. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एकीत पाणी बऱ्याचदा कमी हटतं, तेही तिथेच कळतं.

मालवणी_मेवा
ह्यो पाऊणपटीचो हिशोब आमच्या मालवणाक तसोच लावशात तर चुकशात हां. भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, त्यामुळे मालवणात ती मुंबईच्या आधी, साधारण तासभर आधी येते. आणि पाण्याचा चढउतार मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. सिंधुदुर्गाला कोणी चालत जात नाही, पण होडी धक्क्याला लागताना हा फरक लक्षात येतो.

सह्यवाट
तिथीवालीताई, दोन_घटका, मनापासून आभार. पंचांग काढून पाहिलं. शनिवारी सकाळी तृतीयाच आहे, चतुर्थी दुपारी लागते. म्हणजे भरती अडीचच्या आसपास. आता प्रश्न असा: भरतीत कुलाब्याला होडी जाते म्हणतात, ती घ्यावी का? की शनिवारी पहाटे चारला निघून सकाळची ओहोटी गाठावी?

चौलची_वाट
होडी जाते, पण कुलाबा होडीने बघण्यात अर्धी मजा जाते. समुद्राच्या तळावरून चालत तटापाशी पोचायचं, पायथ्याचे दगड हाताच्या अंतरावरून पाहायचे, हीच तर या किल्ल्याची खासियत. शिवाजी महाराजांनी १६८०च्या मार्चमध्ये काम सुरू करायला सांगितलं आणि त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिलला, त्यांचं निधन झालं. पुरा केला संभाजी महाराजांनी. तटाचे मोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि त्याच वाटेने निघून जातं, मागून दगड ढकलणारा दाब साठत नाही. हे बघायचं तर ओहोटीतच, आणि बाहेरून. होडीने गेलात तर सरळ दरवाज्याशी उतरता.

बाहेरच्या अंगाला खडकांवर कालवं असतात. त्यांच्या शिंपा सुरीसारख्या कापतात, अनवाणी जाऊ नका. चप्पल वाळूत रुतते आणि पाण्यात सुटते. मागे पट्टा असलेले सँडल बरे.

कातळखूण
चुन्याशिवाय रचलं म्हणून टिकलं, असं सरसकट म्हणता येत नाही. जंजिऱ्याच्या वायव्येला पद्मदुर्ग आहे. महाराजांनी जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दीच्या छातीवर उभारलेला, कासा किल्लाही म्हणतात त्याला. तिथे दगड झिजून खोलगट झालेत आणि त्यांच्यामधला चुना जाळीसारखा पुढे उभा राहिलाय. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडाच्या छिद्रांत मुरतात, ऊन पडलं की मिठाचे स्फटिक फुगतात, दगडाचा पापुद्रा सुटतो. चुना मात्र इतका पक्का की साडेतीनशे वर्षांत हललेला नाही. जंजिऱ्यात सांध्यांना शिसं वापरल्याचं सांगतात, सिंधुदुर्गाच्या पायातही शिसं ओतलेलं आहे. चार जलदुर्ग आणि तटाशी वागायच्या वेगवेगळ्या रीती. नुसतं 'मजबूत बांधकाम' म्हणून पुढे जाऊ नये असं मनापासून वाटतं.

चौलची_वाट
कातळखूण, मान्य. पद्मदुर्गाचा चुना हा खरंच वेगळ्या लेखाचा विषय आहे. कुलाब्याला मात्र लाट थेट तटावर येते, तिथे फटींचा उपयोग आहेच.

राजपुरीकर
मूळ प्रश्नावर येऊ या. ताई, जंजिऱ्याचं सांगतो.

राजपुरीच्या धक्क्यावर तिकीट काढायचं, लाइफ जॅकेट घालायचं, शिडाच्या होडीत बसायचं. प्रवासी भरले की होडी सुटते. वाऱ्यावर अवलंबून, पण अंतर फार नाही. महादरवाजा पूर्वेला, राजपुरीच्या तोंडाला आहे. तरी दोन बुरुजांच्या मध्ये असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. होडी तिथल्या पायऱ्यांशी लागते. वर ठरावीक वेळ देतात, पाऊण ते एक तास. परत त्याच होडीने यायचं असतं, म्हणून होडीचं नाव आणि तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, चेहरा लक्षात ठेवा.

खरी अडचण उतरण्याची. होडी खाली-वर होत असते, पायरी स्थिर. होडी लाटेवर वर आली की त्या क्षणी पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही. खलाशी मनगट धरतो. आपण त्याचं मनगट धरायचं, बोटं नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी पाठीला, मोबाइल खिशात. एक पाय होडीत आणि एक पायरीवर ठेवून विचार करत उभं राहिलं की पडणं ठरलेलं.

भर ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असतं आणि होडीची कड पायरीच्या बरीच खाली जाते, वर चढून जावं लागतं. भरतीला होडी वरच्या, कोरड्या पायऱ्यांच्या पातळीला येते. सत्तरीच्या माणसांना हा फरक फार मोठा आहे. तुमची रविवारची दहाची वेळ म्हणजे जवळजवळ पूर्ण ओहोटी.

खारफुटी
पण राजपुरीकर, दुपारी खारा वारा सुटतो. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, पडलेला असतो, पाणी शांत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळची पहिली होडीच बरी. गर्दीही नसते.

राजपुरीकर
मुद्दा बरोबर आहे. मार्च ते मे मध्ये मीही सकाळच सांगेन, तेव्हा दुपारनंतर होडी चांगलीच हलते. पण ताई हिवाळ्यात येतायत. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा वारा असतो, तरी उन्हाळ्याइतका जोर नसतो. आणि दरवाजा पूर्वेला असल्यामुळे पश्चिमेच्या वाऱ्यापासून किल्ल्याचाच आडोसा मिळतो. शेवाळावर घसरण्यापेक्षा जरा हलणारी होडी परवडली. मात्र शुक्रवारी येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दुपारी नमाजाच्या वेळी किल्ल्यावर प्रवेश बंद असतो.

नारळीपाकळी
पावसाळ्यात जमेल का? ऑगस्टचा जोडून सुट्टीचा आठवडा आहे.

राजपुरीकर
नाही. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत होड्या बंद.

जुना_दीपस्तंभ
तासाभरात काय पाहावं याचं उत्तर कोणी दिलेलं नाही, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट होडीतून उतरताच. महादरवाज्यावरचं शिल्प: एका वाघासारख्या श्वापदाने पंजांत हत्ती पकडलेत. गर्दीच्या रेट्यात सगळे पुढे जातात, तिथे दोन मिनिटं बाजूला उभं राहा. मग गोड्या पाण्याचा तलाव. चारी बाजूंनी समुद्र असताना आत गोडं पाणी कसं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो खोदलेल्या तलावात साठतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं. तिसरं, सुरूलखानाचा वाडा. पडझड झालीय, आत शिरू नका, बाहेरून मजल्यांचा अंदाज घ्या. चौथं, तोफा. कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम. कलालबांगडीचं वजन २२ टन सांगतात. अंगावरच्या कड्या बघा, नावातली 'बांगडी' त्यांचीच. पाचवं, पश्चिमेचा दर्या दरवाजा, संकटकाळी समुद्रात निसटायची वाट.

एवढ्यात तास संपतो. सगळ्या १९ बुरुजांवर फिरण्याचा हट्ट धरू नका. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या उंच आहेत, सत्तरीतल्या दोघांना तलावाच्या काठी सावलीत बसवून बाकीच्यांनी वर जाऊन या. वरून वायव्येला पद्मदुर्ग दिसतो. पिण्याचं पाणी बरोबर न्या, आणि स्वच्छतागृहाचं काम राजपुरीतच उरकून घ्या.

दोन_घटका
वाटाडे सांगतात त्यातल्या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात.

एक, 'मलिक अंबरने बांधला'. दगडी कोट १५६७ ते १५७१ मधला, निजामशाहीच्या बुऱ्हाणखानाने बांधलेला. 'जंजिरे मेहरूब' हे नाव त्याचं. मलिक अंबरचा जन्म १५४८चा, तेव्हा तो विशीतला आणि सत्तेच्या जवळपासही नव्हता. त्याचा काळ १६००च्या पुढचा.

दोन, 'राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार'. तोंड दाखवा म्हटलं की विषय बदलतो.

तीन, 'अजिंक्य, कोणीच घेतला नाही'. मुळात हा किल्ला कोळ्यांचा होता. राम पाटलांनी चाच्यांपासून बचावासाठी लाकडी मेढेकोट उभारला होता आणि निजामशाहीच्या पिरमखानाने तो कपटाने घेतला. दारूची पिंपं आत नेऊन सगळ्यांना पाजली, अशी परंपरागत हकिगत आहे. दगडी जंजिरा लढून कोणी घेतला नाही, इतकं म्हणणं बरोबर. 'जंजिरा' हा शब्दही 'बेट' अर्थाच्या अरबी 'जझीरा'वरून आलेला, त्यात अजिंक्यपणाचा अर्थ नाही.

कातळखूण
तिसऱ्या मुद्द्याला जोड. मराठ्यांनी घ्यायचा प्रयत्न किती जीव तोडून केला तेही कळायला हवं. पद्मदुर्ग बांधून तळ दिला. लाय पाटील या सोनकोळी वीराने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण पेशवे मोरोपंत पिंगळ्यांची कुमक वेळेत पोचली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढाव्या लागल्या. १६८२मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने खाडीत भराव टाकून सेतू बांधायला घेतला. मोगल फौज कल्याणवर आली म्हणून त्यांना परतावं लागलं, वेढा दादाजी रघुनाथांकडे सोपवून.

आता भरतीचं गणित या सेतूला लावा. उधाणाला तीन-साडेतीन मीटर चढणारं पाणी, दिवसातून दोनदा येणारी भरती आणि दोनदा जाणारी ओहोटी, खाडीच्या तोंडाशी ओढ, आणि टाकायला काय, तर दगड आणि लाकडं. वरून तोफांचा मारा. होडीत बसल्यावर किल्ल्याऐवजी मागे वळून राजपुरीच्या किनाऱ्याकडे बघा. मधलं अंतर डोळ्यांत भरलं की त्या कामाची कल्पना येते.

नारळीपाकळी
कातळखूण, हे वाचून अंगावर काटा आला. जंजिरा आता जागतिक वारसा यादीत आहे ना?

जुना_दीपस्तंभ
नाही. ११ जुलै २०२५ला 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले यादीत गेले. त्यांत किनाऱ्यावरचे चार: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. जंजिराही नाही आणि कुलाबाही नाही. यादीतला खांदेरी तुमच्या वाटेजवळ आहे, थळच्या समोर.

चौलची_वाट
हिवाळ्यात येताय तर अलिबागच्या बाजूला पोपटी मिळते का विचारा. वालाच्या शेंगांचा हंगाम असतो. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी किंवा चिकन, ओवा आणि जाडं मीठ, तोंडाला पुन्हा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. पाला कमी पडला तर शेंगा करपतात.

खारफुटी
चौलची_वाट, रात्री अकराला हे वाचून भूक लागली.

मालवणी_मेवा
भांबुर्डा आमच्याकडे पण वाढता, पण पोपटी नाय करणत. एकदा करूक व्हयी.

दोन_घटका
पोपटीवरून परत पाण्यावर. कुलाब्याला अडकणारे का अडकतात हे लिहायचं राहिलं.

सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. ताईंच्या दिवशी चढ तीन मीटर धरला, तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७५. ओहोटीनंतर पहिला तास पाणी जवळजवळ हललेलंच दिसत नाही, म्हणून माणसं निवांत फोटो काढत बसतात. तिसऱ्या तासात ते बघता बघता गुडघ्यावरून कंबरेला येतं. शिवाय वाळू सपाट नसते. सखल पट्टे आधी भरतात. समोर कोरडी वाळू दिसत असते आणि मधल्या पट्ट्यात ओढ सुरू झालेली असते.

म्हणून नियम असा: तक्त्यातल्या ओहोटीच्या एक-सव्वा तास आधी किनाऱ्यावरून निघा, आणि ओहोटीनंतर सव्वा तासाच्या आत परत किनाऱ्यावर. किल्ल्यावरून निघायची नव्हे, किनाऱ्यावर पाय टेकायची वेळ ही. चालायला एरवी वीस-पंचवीस मिनिटं, ओल्या वाळूत वयस्कर माणसांना चाळीस. वेळ चुकलीच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यावर थांबा आणि होडीने परता.

तिथीवाली
सह्यवाट, तुमचा बेत पुन्हा वाचला. तो फक्त उलटा करा!

शनिवारी अडीचला भरती. ती जंजिऱ्याला हवी आहे. रविवारी भरती सव्वातीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊ-साडेनऊला. ती कुलाब्याला हवी आहे. तुम्ही भरतीला कुलाबा आणि ओहोटीला जंजिरा धरलाय. जायच्या वाटेने परत आणि परतीच्या वाटेने जा, दोन्ही किल्ल्यांना हवं तसं पाणी मिळेल. पहाटे चारलाही निघावं लागणार नाही.

राजपुरीकर
तिथीवालीताई, शाब्बास! इतके प्रतिसाद झाले आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

वेळा बसवून देतो. शनिवारी साडेसहाला पुणे, ताम्हिणी-माणगाव-तळामार्गे मुरूडला साधारण चार-साडेचार तास. थांबे धरून साडेअकरा. लवकर जेवून एकपर्यंत राजपुरी. दीडच्या सुमाराची होडी मिळाली तर पायऱ्यांशी पाणी चढतं असेल, आणि तासाने उतरताना भरती पूर्ण. जाताना-येताना दोन्ही वेळा वरच्या पायऱ्या. वेळ उरला तर राजपुरीजवळच्या खोकरीच्या घुमटांवर थांबा. सिद्दी राज्यकर्त्यांच्या कबरी आहेत, दगडी कोरीवकाम बारकाईने बघण्यासारखं, आणि गाडी जवळपर्यंत जाते.

चौलची_वाट
रविवारचं मी बसवतो. मुरूड ते अलिबाग काशीद-रेवदंडामार्गे ५० किलोमीटरच्या आसपास, सकाळी दीड तास पुरतो. साडेसहाला निघा, आठला अलिबागचा किनारा, सव्वाआठला वाळूत पाऊल. किल्ल्यावर पावणेनऊ-नऊ. साडेदहाला परत किनाऱ्यावर असलंच पाहिजे.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, १७५९मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. गणेश पंचायतन आहे ते. शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल वाचता येतं. म्हणजे आंग्र्यांच्या आरमारी काळाच्या कितीतरी नंतरच्या त्या. बऱ्याच जणांना कान्होजींच्या तोफा वाटतात. कान्होजी १७२९मध्ये गेले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, परतताना तिथे दहा मिनिटं द्याच.

सह्यवाट
तिथीवालीताई, राजपुरीकर, चौलची_वाट, असंच करतो आहोत. मुरूडचा मुक्काम तसाच ठेवला, फक्त रस्ते उलटे केले. शनिवारी संकष्टीच्या गर्दीऐवजी रविवारी देवळात निवांतपणा मिळेल, हेही बरं झालं. एकच राहिलं: कुलाब्याला घरच्यांना चालवत न्यावं की घोडागाडी?

चौलची_वाट
जाताना घोडागाडी, म्हणजे दम किल्ल्यावर वापरता येईल. येताना ओहोटी नुकती झालेली असेल, तेव्हा वाटलं तर चालत. गाडीत चढायला पायरी उंच असते, घोड्याला उभं करायला सांगून मगच चढवा. परतीची गाडी हवी असेल तर गाडीवाल्याशी वेळ जातानाच ठरवा, पावणेदहा. ओहोटी फिरल्यावर सगळ्यांना एकदमच गाडी हवी असते.

दोन_घटका
आणि शुक्रवारी रात्री तक्ता बघून रविवारच्या ओहोटीची वेळ इथे टाका. पंधरा मिनिटांचा फरक असला तर चौलची_वाट यांच्या वेळा तेवढ्याच सरकवायच्या.

सह्यवाट
टाकते.